हवेतलं विष मशिनला का दिसत नाही?

प्रश्न: आमच्या औद्योगिक शहरात हवा मोजणारी मशिनं आहेत, मग डायॉक्सिन (कचरा वगैरे जळताना तयार होणारी विषारी रसायनं), पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरलेली विषारी रसायनं) त्यात का दिसत नाहीत? आणि माती कशाला तपासायची?

उत्तर: अहो, ती मशिनं धूळ नि नेहमीचे गॅस मोजतात, ही विषं इतकी थोडी असतात की पिकोग्रॅममध्ये मोजावी लागतात, म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग! त्यासाठी हवेतली ही रसायनं शोषून घेणारी फोमची चकती दोन वाडग्यांच्या मध्ये टांगून साधारण ३ महिने उघड्यावर ठेवतात, वीजही लागत नाही, मग लॅबमध्ये तपासतात. माती मात्र जुना हिशोब सांगते, कारखाना बंद पडला तरी ही रसायनं तिच्यातल्या सेंद्रिय भागाला वर्षानुवर्षं चिकटून राहतात, म्हणून मुलं खेळतात तिथली वरची माती आधी तपासायला हवी असं मला मनापासून वाटतं. अशा टिकून राहणाऱ्या विषांना आळा घालण्यासाठी देशादेशांत झालेल्या २००१ च्या स्टॉकहोम करारात सुरुवातीला अशी १२ रसायनं होती, नंतर यादी वाढतच गेली.