तेलाची बाटली देवळीतच राहते

प्रश्न : ताई, आमचं गाव कणकुंबीच्या बाजूला. काजूच्या हंगामात सासूबाई आणि दीर पहाटेच बागेत जातात, दुपारनंतर पाला आणायला रानात. गोचीड चावू नये म्हणून आशाताईंनी डेपा तेलाची बाटली दिली, ती महिनाभर देवळीत तशीच आहे. सासूबाई म्हणतात, "जन्मभर गोचिडं चावली, काय झालं गे?" दिरांना वास सोसत नाही. जास्त बोलले तर घरात अबोला. मला माकडतापाची भीती वाटते. काय करू?
— एक सून, खानापूर तालुका

उत्तर : तुमची भीती खरी आहे. गोचीड चावल्याने लागणारा हा ताप 1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. 2015 मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आला, 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात. म्हणजे चोर्ला घाट उतरला की पलीकडेच, आणि आपली माणसं काजूच्या कामाला तिथे जातात.

पण सासूबाईंना अडाणी समजू नका. प्रत्येक गोचिडात विषाणू नसतो, त्यामुळे शंभरदा चावूनही काही होत नाही, हा त्यांचा अनुभव खोटा नाही. तेलाचा वास आणि चिकटपणा मात्र रोजचा. मी 28 वर्षं आरोग्य सेविका म्हणून जांबोटी भागात फिरले. सुरुवातीला बाटली द्यायची, वहीत सही घ्यायची, पुढच्या घरी जायचं, एवढंच करत होते. एका बाईने मला तळहात पुढे करून दाखवले. म्हणाली, "बाई, तेलकट हातात कोयता घसरतोय, आणि ह्याच हातानं भाकरी खायची?" तोवर मी हा विचारच केला नव्हता. आजही वाटतं, ते मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

तेव्हा तेल पावलं, पोटऱ्या, कोपरापर्यंत हात आणि मानेला लावायचं, तळहात साबणाने धुऊन टाकायचे. घाम आला की ते उतरतं, म्हणून दुपारी रानात जाण्याआधी पुन्हा. बाटली देवळीत नको, कोयता आणि टोपली असते तिथे ठेवा. आणि "लावा" असं सांगण्यापेक्षा तुम्हीच लावून द्या. मानेच्या मागे त्यांचा हात नीट पोचत नाही, तिथे सुनेचा हात कुठलीच सासू झिडकारत नाही, असं मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

संध्याकाळी कपडे लगेच गरम पाण्यात टाका, अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, निऱ्यांच्या घट्ट जागी बघा. गोठ्यातलं फुगलेलं गोचीड आपल्याला ओळखू येतं, पण डिसेंबर ते मेमध्ये माणसाला चावतं ते पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं. माझ्या घोट्यावर एकदा तीळ वाटला, बारकाईने पाहिलं तर त्याला पाय होते. असं दिसलं तर बिडीचा चटका किंवा रॉकेल नको. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, नखाने चिरडू नका.

लस नाही का, असं मला अजून विचारतात. जुनी लस होती. महिन्याच्या अंतराने दोन सुया, पुढे बूस्टर, आणि टोचल्यावर दंड ठणकायचा. लोक पहिली घ्यायचे, दुसरीला रानात असायचे. कर्नाटकात ती आता बंद झाली आहे.

या तापाने माकडंही मरतात, म्हणून मेलेल्या माकडाबद्दलही लिहायला हवं. आपल्याकडे माकड मेलं की हार-गुलाल घालून पुरतात, त्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण अंग थंड पडलं की गोचिडं उतरून आसपास पसरतात. त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा, म्हणजे तिथे फवारणी होते. लोक कळवत नाहीत, कारण रान बंद होईल, ऐन काजूत मजुरी बुडेल, ही धास्ती. ती पोटाची धास्ती आहे, नुसत्या पत्रकांनी जाणार नाही. त्या दिवसांत दुसरं काम देण्याचं पंचायतीने आधीच ठरवायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

रानातून आल्यावर आठवडाभरात अचानक फणफणून ताप, डोकं आणि अंग ठणकणं सुरू झालं तर दुकानातल्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, काहींनी रक्तस्राव वाढतो. थेट दवाखान्यात जा आणि रानात गेलो होतो हे आधी सांगा. हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही, म्हणून आजारी माणसाला वेगळं बसवायची गरज नाही.

उद्या पहाटे सासूबाई पायरीवर बसून डोक्याला फडकं बांधतील, तेव्हा बाटली घेऊन त्यांच्या मागे बसा.