पटकथा तीन पानांची, फिल्म पाच मिनिटांची

प्रश्न : सांगलीत ॲनिमेशनच्या पदवीला आहे. तीन मिनिटांसाठी तीन पानं लिहिली, ॲनिमॅटिक (कच्ची चित्रं वेळेनुसार जोडून केलेली चाचणी फिल्म) पाच मिनिटांचं झालं. कुठे चुकलं?

उत्तर : पानाला मिनिट हा ढोबळ हिशेब, कृतीच जास्त असली की तो कोसळतो. ‘आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी चढतं’ ही एक ओळ पडद्यावर सहज वीस सेकंद खाते. प्रत्येक कृती वेगळ्या ओळीत लिहा आणि स्टॉपवॉच लावून स्वतः करून बघा. ‘तिला वाईट वाटतं’ नको. ‘खांदे पडतात’ लिहा, ते काढता येतं. सेकंदाला 24 फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी 12 चित्रं. गर्दीचा प्रसंग म्हणूनच जपून. संवाद बहुधा आधी रेकॉर्ड होतात, तेव्हा मोठ्यानं वाचूनच पक्के करा. काटछाट आत्ताच, ॲनिमॅटिकवर करा. रंगवलेला शॉट कापणं फार महाग पडतं.