आकडे परतले, व्हॅन परतली नाही

प्रश्न : ताई, नातवाच्या सुट्टीत, मे महिन्यात, आम्ही तिघं श्रीलंकेला जायचं म्हणतोय. एका कंपनीचं आठ दिवसांचं 'सगळं समाविष्ट' पॅकेज बघितलंय. कोविडनंतर तिथलं पर्यटन पुन्हा उभं राहिलं असं वाचलं. मग आपण कसे जातो, पैसे कुठे देतो, याने तिथल्या माणसांना खरंच काही फरक पडतो का?
– एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : खूप पडतो. मी बारा वर्षं तिकडे ग्रुप नेले, म्हणून ठामपणे सांगते.

२०१८ मध्ये श्रीलंकेत २३ लाखांहून जास्त परदेशी पाहुणे आले होते. २०१९ च्या ईस्टरला बॉम्बस्फोट झाले आणि त्यातून सावरायच्या आत कोविड आला. २०२१ मध्ये वर्षभरात दोन लाखही पर्यटक आले नाहीत. पुढच्या वर्षी देशाकडे पेट्रोल आणायलाही परकीय चलन उरलं नव्हतं. २०२४ मध्ये आकडा पुन्हा २० लाखांच्या वर गेला. तुम्ही वाचलंत ते हेच.

आता आमच्या ड्रायव्हर-गाइडचं सांगते. गाव कँडीजवळ. माझ्या प्रत्येक ग्रुपबरोबर तोच असायचा. २०१८ च्या शेवटी, धंदा जोरात असताना, त्याने हप्त्यावर चौदा सीटची व्हॅन घेतली. कोविडमध्ये हप्ते पुढे ढकलले गेले, पण माफ झाले नाहीत आणि व्याज चढत राहिलं. २०२१ मध्ये फायनान्सवाले व्हॅन घेऊन गेले. त्या संध्याकाळी त्याने मला व्हिडिओ कॉलवर अंगण दाखवलं. व्हॅन उभी राहायची तिथे तेलाचा काळा डाग होता आणि त्याला लागूनच बायकोने वांग्याची रोपं लावली होती. तो काही बोलला नाही, नुसता फोन फिरवत राहिला. मलाही काही बोलता आलं नाही.

आज तो पुन्हा पर्यटकांनाच फिरवतो, पण दुसऱ्याच्या गाडीवर, रोजंदारीने. मार्च २०२० पासून जवळजवळ पाच वर्षं तिथे वाहनांची आयात बंद होती, त्यामुळे जुन्या व्हॅनच्या किमतीही आवाक्याबाहेर गेल्या. पाहुणे परत आले तरी ज्याची गाडी, ज्याची होडी हातातून गेली, तो अजून तिथेच अडकलेला आहे.

पॅकेजला माझा विरोध नाही. नातू बरोबर आहे, सोय हवीच. पण बुकिंगआधी कंपनीला विचारा : गाडी तिथल्या ड्रायव्हरच्या मालकीची आहे का? रात्री तो कुठे झोपतो? तिथल्या बऱ्याच हॉटेलांत ड्रायव्हरसाठी वेगळी खोली असते. काही ठिकाणी ती इतकी कोंदट असते, की तो गाडीतच पाठ टेकतो आणि सकाळी तुम्हाला घाटातून घेऊन जातो. हा तुमच्याही सुरक्षेचा प्रश्न आहे. आणि आठही दिवस तिन्ही वेळचं जेवण हॉटेलात बांधून घेऊ नका. सिगिरियाच्या आसपास लोकांनी घरातल्याच दोन-चार खोल्या पाहुण्यांना दिल्यात. तिथे दोन रात्री राहा. भात, परिप्पू म्हणजे डाळ, ओल्या नारळाचा पोल सांबोल, सगळं घरातलंच, आणि पैसे थेट रांधणाऱ्या बाईच्या हातात. टिप द्यायची ती श्रीलंकन रुपयांत आणि ज्याची त्याला द्या. ग्रुपची एकत्र पाकिटं वाटेत हलकी होताना मी पाहिली आहेत.

मेमधल्या प्रवासाचंही सांगते. तेव्हा नैऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि मिरिसा, बेंटोटाचा समुद्र खवळलेला असतो. पॅकेजमध्ये तोच किनारा असेल तर बदलून मागा. त्रिंकोमाली, पासिकुडा या पूर्व किनाऱ्याचा हंगाम तेव्हा नुकता सुरू होत असतो. पासिकुडाला पाणी बरंच आतपर्यंत उथळ आहे, नातवाला मनसोक्त डुंबता येईल.