टेप क्रमांक १७, बाजू अ

लश्कर, ग्वाल्हेर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. पुण्याच्या घरी माळ्यावर अण्णांचा पत्र्याचा डबा सापडला आणि त्यात ४७ कॅसेटी निघाल्या, हे वाचल्यावर मला बराच वेळ काही सुचेना. का, ते पुढे सांगतो.

तू दोन गोष्टी विचारल्यास. अण्णांच्या गाण्याच्या बैठका सगळ्यांना ऐकायला इंटरनेटवर टाकू का, ही एक. आणि त्यांच्या आवाजाचं मॉडेल तयार करू का, म्हणजे जे ते कधी गायले नाहीत तेही त्यांच्या आवाजात ऐकता येईल, ही दुसरी. पहिलीला माझं उत्तर हो आहे, पण आधी काम करावं लागेल. दुसरीला नाही. तू कॉम्प्युटर शिकलेली आहेस, तेव्हा नुसतं हो-नाही तुला पुरणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या कॅसेटी मी भरलेल्या आहेत. १९८४ पासून सातआठ वर्षं चिटणीसांच्या गोठीत, म्हणजे इथल्या एका वस्तीत, महिन्याला एक बैठक व्हायची. मी माइक घडी घातलेल्या घोंगडीवर, पेटीच्या भात्यापासून लांब, तबल्याच्या डग्ग्याकडे पाठ करून ठेवत असे. ९० मिनिटांची टेप, ४५ मिनिटांनी बाजू बदलायची. अण्णा रंगात आले की मला घड्याळाकडे बघायचं भान राहत नसे आणि कितीदा तरी ऐन तानेत टेप संपली आहे. दुसऱ्या दिवशी मी एक कॉपी करून अण्णांना नेऊन देई. ते ठेवून घ्यायचे, ऐकायचे मात्र नाहीत. मूळ टेप माझ्याकडे राहायची.

मूळ टेप आता नाहीत. २००३ साली मी पहिला कॉम्प्युटर घेतला, ४० जीबीच्या डिस्कचा. माझ्याकडे ६० टेप होत्या. सीडीच्या दर्जानं भरायचं तर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, दोन चॅनल; म्हणजे मिनिटाला १० एमबीच्या वर आणि एका कॅसेटीला साडेनऊशे एमबी. ६० टेपांना ५७ जीबी लागले असते. डिस्कमध्ये मावणारच नव्हतं. मग एका ओळखीच्या मुलानं सांगितलं की एमपी३ करा, ६४ केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिटांवर, ठेवा, सगळं चार सीडींवर बसेल. बसलं. मी खूश होऊन कॅसेटी रद्दीवाल्याला दिल्या.

काय गमावलं ते हळूहळू कळलं. जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी एमपी३ची रीत बसवली ती फार हुशारीची आहे. मोठ्या आवाजाच्या आड बारीक आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही, मग तो साठवायचाच कशाला, हे तिचं मूळ. पुरेसे बिट दिले तर फरक कळत नाही. पण ६४ला सगळं आखडतं घ्यावं लागतं. तंबोऱ्याची जवारी म्हणजे वरच्या बारीक स्वरांचा पुंजका, आणि कात्री आधी तिथेच लागते. माझ्या सीडींवर अण्णांचा तंबोरा पाण्याखाली वाजवल्यासारखा येतो. तबल्याचा ‘ना’ वाजण्याच्या किंचित आधी एक पुसट फर्र उठतो, कारण त्या रीतीत छोट्या तुकड्यावर चूक पसरते आणि आघाताच्या पुढेही सांडते. ज्यानं मूळ ऐकलंय त्याला ते सहन होत नाही. तुझ्या डब्यातल्या कॅसेटी कॉपी असल्या तरी माझ्या सीडींहून किती तरी सरस आहेत, आणि त्या शिल्लक राहिल्या त्या एवढ्याचसाठी की मी त्या कुणाला तरी दिल्या होत्या.

म्हणून वाटण्याच्या विरुद्ध मी कधीच नव्हतो. नॅपस्टर, म्हणजे इंटरनेटवरून एकमेकांना गाणी वाटायचा प्रोग्राम, १९९९ मध्ये आलं तेव्हा मी इथल्या एका सायबर कॅफेत तासाच्या हिशेबानं पैसे मोजून बसलो आहे. पाच एमबीचं गाणं उतरायला अर्धा तास लागे, मध्येच फोन तुटे. कंपन्या म्हणत ही चोरी, पोरं म्हणत हे वाटणं. कोर्टाच्या आदेशानंतर २००१ मध्ये ते बंद पडलं. दोन्ही बाजूंचं मला अर्धं पटे. ज्याचं पोट गाण्यावर चालतं त्याचा पैसा बुडतो हे खरंच होतं. पण आमच्यासारख्यांचं गाणं कुठल्याही कंपनीनं कधी बाजारात आणलंच नव्हतं, तर आमचं कोण काय चोरणार, असं मी तेव्हा म्हणत असे. ते चुकीचं होतं हे मला २००९ साली कळलं.

एका लग्नघरी जेवणं आटोपल्यावर एका मुलानं मोबाइलवर कामोद राग लावला. ‘दुर्मिळ’ म्हणाला, आणि एका फार मोठ्या गवयाचं नाव घेतलं. सगळे माना डोलावत होते. मला पहिल्या आलापातच काही तरी खटकलं. मग मागे देवळातली शेजारतीची घंटा ऐकू आली. मग ‘वा, वा’ म्हणणारा एक आवाज आला, तो माझा होता. तरीही मी गप्प राहिलो, उगाच भ्रम नको म्हणून. आणि द्रुतात एक सपाट तान वर चढता चढता तार गंधारावर कट् झाली. ती जागा जगात मला एकट्यालाच ठाऊक होती, कारण तिथे टेप माझ्या हातून संपली होती. टेप १७, बाजू अ.

मी त्या मुलाला सांगितलं. तो नम्रपणे म्हणाला, ‘काका, पण फाइलवर असंच लिहिलंय.’

त्याचा काय दोष? मी त्या सीडी चारपाच जणांना दिल्या होत्या. फाइलींना नाव काय दिलं होतं? ‘टेप१७अ’. अण्णांचं नाव कुठेच नाही, तबला कुणाचा, पेटी कुणाची, कुठे, केव्हा, काहीच नाही. ते सगळं माझ्या डोक्यात आणि एका वहीत. बिननावाची वस्तू दहा हात फिरली, आणि अकराव्यानं तिला आपल्याला आवडेल ते नाव देऊन टाकलं. अण्णा १९९७ साली गेले. माझ्या आळसामुळे त्यांचं गाणं राहिलं आणि ते स्वतः त्यातून गेले. ही गोष्ट मी तुझ्या बाबांना कधी सांगितली नाही, आज तुला सांगतो आहे.

आपल्या गावाला हा विषय नवा नाही बघ. ग्वाल्हेरचे गवई भाऊ हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांची गोष्ट तुला माहीत असेल: बडे महंमद खाँ दरबारात गायचे तेव्हा या दोघांना आडोशाला बसवून त्यांच्या ताना ऐकवल्या आणि दोघांनी त्या उचलल्या, असं सांगतात. चोरून ऐकलेलं, पण कुणाचं ऐकलं ते नाव आजही गोष्टीत टिकून आहे. पुढे वासुदेवबुवा जोशी हस्सू खाँकडे शिकले, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही गायकी महाराष्ट्रात नेली, त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला विद्यालय काढून ती कुणालाही शिकायला मोकळी केली. एवढा प्रवास झाला तरी प्रत्येक टप्प्यावर नाव आहे. बंदिश म्हणण्याआधी कान धरून गुरूचं नाव घ्यायचं, ही आमची मेटाडेटाची, म्हणजे वस्तूबरोबर तिची माहिती ठेवण्याची, पद्धत होती असं तुझ्या भाषेत म्हण हवं तर.

आता कायद्याचं. तू ‘आमच्याच घरचं आहे, परवानगी कुणाची?’ असं लिहिलंयस. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क ते करणाऱ्याचा धरतात, म्हणजे या बाबतीत माझा. तो मी तुला याच पत्रानं देतो, छापून ठेव. पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचाही स्वतंत्र हक्क असतो, कार्यक्रमाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं. १९८४ ची बैठक म्हणजे २०३४ अखेरपर्यंत. आणि त्यात नुसते अण्णा नाहीत. तबल्याला कोण होतं? पेटीला कोण? त्यांच्या घरच्यांना विचारलंच पाहिजे. लोक गवयाच्या वारसाला विचारतात आणि साथीदाराला विसरतात. तबलजींचा मुलगा जीवाजीगंजात राहतो, मी त्याच्याशी बोलेन. तो नाही म्हणणार नाही, पण त्याला विचारल्याचं फार बरं वाटेल.

मॉडेलबद्दल. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या दाव्यात, संमतीशिवाय त्यांचा आवाज यंत्राकडून बनवून घ्यायला मनाई केली. ते हयात आहेत, कोर्टात जाऊ शकतात. अण्णा जाऊ शकत नाहीत. पण माझं कारण कायद्याचं नाही. अण्णा बैठकीत मियाँमल्हार कधी गायले नाहीत. पावसाळ्यात लोक हट्ट धरायचे तरी नाही. ‘मला तो गुरूंकडून नीट मिळालेला नाही’ एवढंच म्हणायचे आणि गौडमल्हार लावायचे. तुझं मॉडेल मियाँमल्हार गाईल. दोन मिनिटांत गाईल, कदाचित गोडही वाटेल. मग जो माणूस ४० वर्षं एका रागापासून हात जोडून दूर राहिला तो कुठे गेला? न गाणं हा त्यांच्या गाण्याचाच भाग होता. ४७ कॅसेटींच्या सरासरीत तो सापडणार नाही.

याचा अर्थ नव्या तंत्राला हात लावू नकोस असा नाही. उलट माझ्यासारख्याला ज्याला वर्षं लागली असती ते तू एका सुट्टीत करशील. कुठली बंदिश कुठे सुरू होते, षड्ज कुठल्या पट्टीत आहे, हे प्रोग्रामकडून काढून घे. अण्णा दोन बंदिशींच्या मध्ये बोलत असत, ही कुणाची, कुठून मिळाली, अमक्या शब्दाचा पाठ असा आहे. ते बोलणं उतरवून घ्यायला यंत्र लाव आणि मग स्वतः ऐकून तपास, कारण ग्वाल्हेरचं मराठी-हिंदी मिसळलेलं बोलणं त्याला धड कळणार नाही.

फक्त आवाज ‘स्वच्छ’ करणाऱ्या प्रोग्रामांपासून जपून. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझी पुतणी व्हिडिओ कॉलवर गाणं शिकत होती. तंबोरा दोनचार सेकंद वाजे आणि नाहीसा होई. ती बिचारी पुन्हा पुन्हा तारा लावत बसली. दोष तारांचा नव्हता. ते प्रोग्राम बोलण्यासाठी बनवलेले, एकसारखा चालू असलेला आवाज म्हणजे पंखा असं ते समजतात आणि पुसून टाकतात. साफ केलेली प्रत वेगळी ठेव, आणि मूळ जशी उतरली तशी, शेजारतीच्या घंटेसकट राहू दे. ती घंटा नसती तर टेप १७ मला ओळखू आली नसती.

उतरवण्याआधी घाई करू नकोस. इतकी वर्षं पडून राहिलेली कॅसेट थेट डेकमध्ये घालायची नाही. आधी कॅसेटीच्या खिडकीतून बघ, पांढरी बुरशी दिसते का, फितीमागची छोटी फेल्टची गादी जागेवर आहे का. गादी बहुतेक वेळा निखळलेली असते, पण फीत शाबूत असते. दुसऱ्या खोक्यात बसवता येते, ते मी करून देईन. डेकचं हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून घे, दर दोन टेपांनंतर पुन्हा पुस. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला उतरव. एका कॅसेटीला तीन जीबी लागतील, आज ते काहीच नाही. फ्लॅक या प्रकारच्या फाइलीत ठेवलंस तर जागा बरीच वाचेल आणि आवाजातलं काहीच जाणार नाही. वेग बरोबर आहे का हे पेटीवर षड्ज लावून बघ. अण्णांची पट्टी काळी एक, उतारवयात पांढरी सात. मधलं काही लागलं तर डेक चुकतोय असं समज. एक प्रत पुण्याला, एक इथे माझ्याकडे.

आणि नावं. तारीख, जागा, राग, ताल, गायक, तबला, पेटी, तंबोऱ्यावर कोण, सगळं फाइलीच्या आत भर. नुसतं बाहेरचं नाव चार ठिकाणी फिरताना बदलतं, आतलंही काही ठिकाणी गळतं. म्हणून आणखी एक कर. १९०२ मध्ये कलकत्त्याला गायिका गौहर जान यांच्या तबकड्या भरल्या, त्या छापायला जर्मनीत हानोवरला जायच्या. तिथल्या माणसांना लेबलवर काय लिहायचं ते कळावं म्हणून बाई गाणं संपताच स्वतःचं नाव मोठ्यानं सांगत. तो आवाज सव्वाशे वर्षांनंतरही त्यांच्या गाण्याला चिकटून आहे. लोकांसाठी जी प्रत टाकशील तिच्या सुरुवातीला तू तुझ्या आवाजात दहा सेकंद बोल. अण्णांचं पूर्ण नाव, तबला, पेटी, गोठ, साल. ते कापून टाकायचं तर कुणाला तरी मुद्दाम कापावं लागेल.

डिसेंबरात तानसेन समारोहाला ये. पहिल्या दिवशी सकाळी हजीऱ्याला, तानसेनच्या समाधीपाशी, ढोलीबुवांची हरिकथा ऐकू आणि मग घरी बसू. माझी वही मी काढून ठेवली आहे. बैठकांच्या सगळ्या तारखा आहेत, तीन ठिकाणी पाणी लागून शाई पसरली आहे तेवढ्या मला आठवून सांगाव्या लागतील. सगळा डबा आणू नकोस, पहिल्या खेपेला फक्त १७ नंबर आण. ती बॅगेत टाकू नकोस, गाडीत स्पीकर आणि चार्जरपासून दूर, हातातल्या पिशवीत ठेव. त्या कॉपीत अण्णांची तान कुठपर्यंत आली आहे ते मला ऐकायचं आहे.

बाबांना आणि आईला नमस्कार.

तुझा काका