चरणजीत सिंग यांनी 1982 मध्ये मुंबईत ॲसिड हाउस केलं, तर श्रेय शिकागोला का?

साल बरोबर आहे, पण त्यावरून शिकागोनं आपलं श्रेय लाटलं असं म्हणणं मला पटत नाही. (हाउस म्हणजे शिकागोच्या क्लबांतून आलेलं, यंत्रांवर वाजणारं नाचाचं संगीत; ॲसिड हाउस हा त्यातला पिळवटलेल्या, घसरत्या बासचा प्रकार.)

चरणजीत सिंग हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधले वादक. डिस्कोची लाट जोरात होती तेव्हा त्यांनी रोलँड कंपनीची टीआर-808 (ड्रम मशीन), टीबी-303 (बास वाजवणारं यंत्र) आणि ज्युपिटर-8 (सिंथेसायझर) घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. 303 निघालं होतं ते एकट्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून. त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. राग डोक्यात असलेल्या माणसाला तिथे मींड सापडली तर नवल काय? आज ते ऐकून ॲसिड हाउस आठवतं, कारण पुढे शिकागोच्या पोरांच्या हातातही हेच 303 होतं.

मात्र ती रेकॉर्ड खपली नाही. ती ऐकून कुणी दुसरी केली नाही, तिच्यावर नाचणारा क्लब उभा राहिला नाही. 2010 मध्ये एका डच लेबलनं ती पुन्हा काढली, तेव्हा कुठे बोलबाला झाला.

शिकागोत उलटं घडलं. न्यूयॉर्कहून आलेले डीजे फ्रँकी नकल्स 1977 पासून वेअरहाउस क्लबमध्ये वाजवत होते. नाचणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि समलिंगी. पुढे 303 बाजारात आपटलं आणि सेकंडहँड स्वस्तात मिळू लागलं. फ्यूचर या त्रिकुटानं एक घेतलं, बटणं पिळत बसले आणि निघालेली टेप डीजे रॉन हार्डीला दिली. त्यातला पिअर सांगतो की पहिल्यांदा लागली तेव्हा फ्लोअर रिकामा झाला, पण हार्डीनं त्याच रात्री ती पुन्हा पुन्हा लावली आणि चौथ्या वेळी लोक वेडे झाले. 1987 मध्ये ती ‘ॲसिड ट्रॅक्स’ म्हणून छापली गेली. मग तसल्या रेकॉर्डींची रांगच लागली. माझ्या मते श्रेय या रांगेचं आहे, पहिल्या तारखेचं नाही.

अर्थात श्रेय वाटणारे काही देव नव्हेत. डेट्रॉइटचंच बघा. तिथे टेक्नो हे यंत्रांवरचं नाचसंगीत घडवणारी हुआन ॲटकिन्स आणि मंडळी रेडिओवर क्राफ्टवेर्क हा बँड ऐकत वाढली, म्हणजे धागा जर्मनीतल्या ड्युसेलडोर्फला जातो. पण 1988 मध्ये एका ब्रिटिश कंपनीनं त्यांचा संग्रह काढला, तो आधी ‘डेट्रॉइटचा हाउस’ म्हणून येणार होता. नावातच ‘टेक्नो’ असलेल्या ॲटकिन्सच्या एका ट्रॅकमुळे ऐनवेळी कव्हरवर ‘टेक्नो’ आलं. नाहीतर डेट्रॉइट कदाचित शिकागोची शाखा म्हणूनच राहिलं असतं.

मी ठाण्याचा. कळवा-दिव्याकडे, खाडीपलीकडे घणसोलीच्या गावठाणात हळदीला जाऊन या. रिमिक्समध्ये दर मिनिटाला डीजेचं नाव ओरडलं जातं. मूळ आगरी-कोळी गाणं कुणी रचलं, बेंजो पार्टीत ऑक्टोपॅडवर तो ठेका आधी कुणी बसवला, हे मंडपात विचारून बघा. (ऐकू आलं तर.) तिथे रांग आहे, गर्दीही आहे; फक्त कव्हरवर नाव लिहिणारं कुणी नाही.

त्यामुळे शिकागोचं काढून चरणजीत सिंग यांना द्यायची गरज नाही. त्यांची रेकॉर्ड एकट्याची आणि विलक्षण आहे, तशीच ऐका. भैरवपासून सुरुवात करा, आणि मोबाइलच्या स्पीकरवर नको, 303 चा खालचा सूर त्यात गायब होतो.