वाचकांचे प्रश्न : कॉन्स्टँटिनोपल पडलं म्हणून गामा कालिकतला आला का?

गेल्या अंकात युरोपच्या मध्ययुगावर लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेक पत्रांत एक साल आहे आणि त्या सालावर सोपवलेलं एक मोठं परिवर्तन आहे. वर्गात शिकवताना अशा प्रत्येक सालाला मी एकच प्रश्न लावायचे : त्या वर्षी पैसे कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेले? इथेही तोच लावते आहे.

प्रश्न : मुलीच्या अभ्यासात वाचलं की १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, खुष्कीचा मार्ग बंद झाला आणि म्हणून युरोपीयांनी समुद्रमार्ग शोधला. लहानपणी आम्हीही हेच शिकलो. हे बरोबर आहे ना? (एक पालक, नाशिक)

परीक्षेत तिला हेच लिहू द्या, गुण जायला नकोत. पण घरी तिच्यासमोर नकाशा उघडा आणि मलबारच्या मिरीचा रस्ता बोटाने दाखवा. मिरी अरबी समुद्रातून तांबड्या समुद्रात जायची, तिथून कैरो, मग अलेक्झांड्रिया. अलेक्झांड्रियाच्या बंदरात व्हेनिसची गलबतं उभी असायची. या सगळ्या वाटेत कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, कुठेच येत नाही. इजिप्त आणि सीरिया तेव्हा मामलुक सुलतानांच्या ताब्यात होते, आणि उस्मानी तुर्कांनी इजिप्त जिंकलं ते १५१७ मध्ये. तोवर वास्को द गामाला कालिकतला येऊन १९ वर्षं झाली होती.

शिवाय विजेत्याने व्यापार बंद करावा तरी का? जकात हे त्याचं उत्पन्न होतं. शहर पडल्यावर वर्षभराच्या आत, १४५४ मध्येच, व्हेनिसने सुलतान दुसऱ्या मेहमदशी तह करून व्यापाराची मुभा मिळवली. काळ्या समुद्रातला जिनोआचा व्यापार मात्र खरोखर आकसत गेला. १४७५ मध्ये काफ्फा हे त्यांचं मोठं ठाणं गेलं. फटका बसला तो तिथे, मिरीला नाही.

आणि पोर्तुगीज? त्यांनी उत्तर आफ्रिकेतलं सेउता घेतलं १४१५ मध्ये. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बोजादोरच्या भूशिरापलीकडे त्यांचं जहाज गेलं १४३४ मध्ये. १४४४ मध्ये दक्षिण पोर्तुगालच्या लागोश बंदरात पकडून आणलेल्या २३५ आफ्रिकी माणसांची वाटणी झाली. आई एका गटात, मूल दुसऱ्या, असं लिहून ठेवणारा इतिहासकार पोर्तुगालच्याच दरबारातला होता. हे सगळं १४५३ च्या आधीचं आहे. त्यांना आफ्रिकेचं सोनं हवं होतं, गुलाम हवे होते, आणि पुढे मिरीच्या नफ्यातला व्हेनिसचा वाटा हवा होता. रस्ता बंद झाला म्हणून ते निघाले नाहीत. चालू रस्त्यावरची कमाई दुसऱ्याच्या खिशात जात होती, ती त्यांना आपल्या खिशात हवी होती. ‘बंद रस्त्या’ची गोष्ट सांगितली की हा सगळा लोभ नाइलाज वाटू लागतो. ती गोष्ट मला म्हणूनच खटकते.

मग १४५३ ने काय बदललं? ऑर्बान नावाच्या हंगेरियन तोफ ओतणाऱ्या कारागिराने आपलं कसब आधी कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट अकरावा कॉन्स्टंटाइन याला देऊ केलं होतं. सम्राटाच्या खजिन्यात त्याला द्यायला पैसे नव्हते. तो मेहमदकडे गेला. हजार वर्षं टिकलेल्या तटांवर २१ वर्षांच्या सुलतानाने त्याच्या तोफा लावल्या, आणि २९ मे रोजी शहर पडलं. उंच, सरळ दगडी तटांचे दिवस भरत आले होते. पुढच्या शतकात इटलीत किल्ले बसके, जाड आणि कोनदार बुरुजांचे बांधले जाऊ लागले ते तोफांमुळेच. ‘ग्रीक पंडित पळून इटलीत आले आणि प्रबोधन सुरू झालं’ हे वाक्यही जरा सांभाळून घ्या. मॅन्युएल ख्रिसोलोरास फ्लोरेन्समध्ये ग्रीक शिकवायला लागला होता १३९७ मध्ये.

प्रश्न : छापखाना नसता तर मार्टिन ल्यूथर झाला असता का? (बी.ए.चा विद्यार्थी, लातूर)

ज्याच्या बंडातून युरोपात धर्मसुधारणा आणि प्रॉटेस्टंट पंथ उभे राहिले, तो जर्मन पाद्री ल्यूथर झाला असता. पण त्याचं काय झालं असतं, हे पाहायला यान हुस पुरेसा आहे. प्रागच्या या धर्मोपदेशकाने ल्यूथरच्या शंभर वर्षं आधी चर्चच्या बाजाराविरुद्ध आवाज उठवला. जर्मन राजा सिगिस्मुंडचं अभयपत्र हातात असताना ६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टन्स शहरात त्याला जिवंत जाळलं. त्याचा विचार मेला नाही, बोहेमियात, म्हणजे प्रागभोवतीच्या मुलखात, त्यावरून मोठी युद्धं झाली. पण तो बराचसा बोहेमियातच राहिला.

तुमच्या प्रश्नात आणखी एक धागा आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. गुटेनबर्ग या जर्मन मुद्रकाचं नाव घेतलं की आपल्याला बायबल आठवतं. पण त्याच्या माइन्झ शहरात सुटे खिळे जुळवून केलेल्या छपाईचा तारीख असलेला सगळ्यात जुना नमुना बायबलचा नाही. तो १४५४ च्या पापमुक्तिपत्राचा आहे, म्हणजे पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ केल्याच्या चर्चच्या दाखल्याचा. सायप्रसच्या राजाला तुर्कांविरुद्ध मदत म्हणून पैसे उभे करायचे होते. पोपची परवानगी १४५३ च्या आधीचीच होती, पण कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर तुर्कांची भीती घरोघरी पोचलेली होती. मजकूर छापलेला, आणि घेणाऱ्याचं नाव, गाव, तारीख यांसाठी जागा कोरी. आपल्याकडच्या वर्गणीच्या पावतीपुस्तकासारखं. बायबलला भांडवल लागायचं, मोठा कागद आणि खूप महिने लागायचे. पापमुक्तिपत्र एका पानाचं, गठ्ठ्याने खपणारं, पैसे हातोहात देणारं. छापखाने जगवायला अशीच कामं लागत.

आता साठ वर्षं पुढे या. त्याच माइन्झचं आर्चबिशपपद १५१४ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या आल्ब्रेख्टला मिळालं. वय २४. आधीच दुसरी धर्मपदं हातात असताना हेही पद घ्यायचं, तर रोमला भली मोठी रक्कम भरावी लागणार होती. ती आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांनी कर्जाऊ दिली. फेडायची कशी? त्याच्या मुलखात पापमुक्तिपत्रं विकायची, निम्मे पैसे रोमला सेंट पीटरच्या बांधकामासाठी, निम्मे कर्जात. तेट्झेल हा धर्मोपदेशक ती विकत फिरत होता. सॅक्सनीच्या सत्ताधीशाने आपल्या हद्दीत ही विक्री बंद ठेवली होती, तेव्हा विटेनबर्गचे लोक हद्द ओलांडून जवळच्या युटेरबोगला जाऊन विकत घेऊ लागले. आणि आता पश्चात्तापाची गरज नाही, असं परत येऊन आपल्या पाद्र्याला सांगू लागले. तो पाद्री ल्यूथर.

३१ ऑक्टोबर १५१७ ला त्याने ९५ मुद्दे चर्चच्या दारावर ठोकले का, यावर इतिहासकारांत वाद आहे. त्या दिवशी त्याने आल्ब्रेख्टला पत्र पाठवलं हे नक्की. मुद्दे लॅटिनमध्ये होते, विद्वानांसाठी. खरं वळण मला त्यानंतरच्या मार्च महिन्यात दिसतं. ल्यूथरने तेच म्हणणं वीस छोट्या परिच्छेदांत, आठ पानांत, साध्या जर्मनमध्ये लिहिलं. ही पुस्तिका पुढच्या दोनेक वर्षांत वीसहून जास्त वेळा छापली गेली, वेगवेगळ्या शहरांत, त्याची परवानगी न विचारता. मुद्रकांना त्याची बाजू पटली म्हणून नव्हे, खपत होती म्हणून. ज्या यंत्राने पापमुक्तीचे छापील कागद गावोगाव नेले, त्याच यंत्राने त्यांच्याविरुद्धचे कागदही नेले. हुसला हे मिळालं नव्हतं.

प्रश्न : या धर्मसुधारणेचा आमच्या गोव्याशी काही संबंध लागतो का? (एक वाचक, फोंडा)

अगदी थेट लागतो. धर्मसुधारणेच्या धामधुमीत कॅथलिक धर्मप्रचारकांचा जेझुइट संघ १५४० मध्ये स्थापन झाला, त्यातला फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला, आणि १५५६ मध्ये इथियोपियाला जायला निघालेला छापखाना गोव्यातच राहिला. भारतातली छपाई तिथून सुरू होते.

पण मला तुम्हाला थॉमस स्टीफन्सबद्दल सांगायचंय. विल्टशायरमधला हा इंग्रज कॅथलिक होता. एलिझाबेथ राणीच्या प्रॉटेस्टंट राज्यात कॅथलिकाने उघडपणे धर्म पाळणं धोक्याचं झालं होतं. तो रोमला गेला, १५७५ मध्ये जेझुइट झाला, आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला पोचला. पुढची ४० वर्षं तो इथेच, बहुतेक काळ दक्षिण गोव्यातल्या साष्टीत होता. १६१६ मध्ये राशोलला छापलेलं त्याचं क्रिस्तपुराण म्हणजे मराठीतल्या सुमारे ११ हजार ओव्या, रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तिथे नव्हते. इंग्लंडमधल्या राणीच्या कायद्यांनी घडवलेला माणूस ओवी लिहितो, याचा मला अजूनही अचंबा वाटतो. त्याबरोबर हेही सांगायलाच हवं की ज्या साष्टीत तो राहिला, तिथली देवळं १५६७ मध्ये पाडली गेली होती आणि गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, होतं. त्या ओव्यांचं सौंदर्य आणि ही मोडतोड एकाच काळातली, एकाच सत्तेखालची आहे. त्यातलं एक सांगून दुसरं गाळू नये.

प्रश्न : वेस्टफालियाच्या तहाने सार्वभौम राष्ट्रं जन्माला आली, असं उत्तर लिहावं का? (स्पर्धा परीक्षेची उमेदवार, परभणी)

‘पायाभरणी झाली’ असं लिहा, ‘जन्माला आली’ असं नको. कॅथलिक-प्रॉटेस्टंट वादातून पेटलेलं तीस वर्षांचं युद्ध संपवणाऱ्या २४ ऑक्टोबर १६४८ च्या या तहानंतरही मध्य युरोपातलं पवित्र रोमन साम्राज्य १८०६ पर्यंत होतं. तहातलं एक कलम लक्षात ठेवा : कोणतं चर्च कोणाचं, हे १ जानेवारी १६२४ च्या परिस्थितीवरून ठरवायचं. कोण खरा, कोण पाखंडी हा वाद तीस वर्षं लढून सुटला नव्हता. तो बाजूला ठेवून एक तारीख धरली. उत्तरात हे आलं तर परीक्षक थांबून वाचतील.

प्रश्न : काळ्या मृत्यूने मजुरांचं भलं झालं, असं एका भाषणात ऐकलं. इतकी माणसं मेल्यावर असं म्हणवतं तरी कसं? (निवृत्त परिचारिका, सोलापूर)

तुमचा राग रास्त आहे. १३४७ च्या ऑक्टोबरात जिनोआची गलबतं काळ्या समुद्राकडून सिसिलीतल्या मेसिना बंदरात प्लेग घेऊन आली, आणि चार-पाच वर्षांत युरोपातला तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. १८९६-९७ मध्ये मुंबई-पुण्यात आला तो याच जंतूचा. स्ट्रासबुर्गला तर साथ पोचण्याआधीच, १३४९ च्या फेब्रुवारीत, विहिरीत विष घातल्याचा आळ घेऊन शेकडो ज्यूंना जाळलं. पोप सहाव्या क्लेमेंटने हा आळ खोटा असल्याचं आधीच जाहीर केलं होतं. कोणी ऐकलं नाही.

प्लेगने कोणाचं भलं केलं नाही. वाचलेल्यांनी भांडून काही मिळवलं, इतकंच म्हणता येतं. इंग्लंडमध्ये कापणीला माणसं मिळेनात, उरलेले मजूर जास्त पैसे मागू लागले. राजाने १३४९ मध्ये हुकूम आणि १३५१ मध्ये कायदा काढला : मजुरी साथीच्या आधीचीच. कापणी करणाऱ्याला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दिवसाला २ पेनी, दुसऱ्या आठवड्यात ३, वर जेवण नाही. जास्त घेणाऱ्याला शिक्षा. १३६३ मध्ये तर कोणी कोणत्या किमतीचं कापड अंगावर घालायचं याचाही कायदा झाला. म्हणजे नांगरधारी माणसं बरे कपडे घालू लागली होती, आणि ते काहींच्या डोळ्यांत खुपत होतं. त्यात गरीब-श्रीमंत न पाहता माणशी एक शिलिंग डोईपट्टी आली आणि १३८१ चा उठाव पेटला. जॉन बॉल हा पाद्री लोकांना विचारत होता : आदम जमीन खणत होता, हव्वा सूत कातत होती, तेव्हा उमराव कोण होता? ठिकठिकाणी लोकांनी जमीनदारांची दप्तरं बाहेर काढून जाळली, कारण आपली वेठ त्याच कागदांत लिहिलेली आहे हे त्यांना ठाऊक होतं. उठाव चिरडला गेला, बॉलला फाशी झाली. पण मजुरी चढतच राहिली आणि पुढच्या शतकाभरात इंग्लंडमधली वेठ जवळजवळ संपली.

साथ आपोआप माणसं मुक्त करत असती तर पूर्व युरोपातही हेच दिसलं असतं. तिथे माणसं कमी पडल्यावर जमीनदारांनी असलेल्यांनाच जखडलं. पोलंडमध्ये १४९६ च्या कायद्याने एका गावातून वर्षाला एकाच शेतकऱ्याला निघून जायची मुभा ठेवली, आणि १५२० मध्ये आठवड्याला किमान एक दिवस वेठ सक्तीची केली. पुढे हे दिवस वाढत गेले. या वेठीतून पिकलेलं धान्य विस्तुला नदीने डान्झिग बंदराला आणि तिथून ॲम्स्टरडॅमला जायचं, आणि पैसे जमीनदाराच्या हातात यायचे. त्या भाषणातल्या वक्त्यांना पोलंडचं कुळ दाखवा.