कोंबडीच्या डोळ्याला चोच लागलीये, घरी काय करू?

प्रश्न : आमच्या परसात पाच कोंबड्या आहेत. परवा संध्याकाळी खाद्यावरून दोघींची जुंपली आणि एकीनं दुसरीच्या डोळ्यावर चोच मारली. रात्री लक्षात आलं नाही, सकाळी बघते तर डावा डोळा गच्च मिटलेला, पापणीवर वाळलेलं रक्त आणि चिपडं, आणि बाकीच्या तिला अजून टोचतायत. हातानं डोळा उघडून बघितला तर आतून पांढरट पडदा सरकला, म्हणजे डोळा गेला का? घरात माणसांच्या डोळ्यांचे उरलेले थेंब आहेत ते घालू का? डॉक्टर लांब आहेत, दोन दिवसांनी नेता येईल. तोपर्यंत तिची अंडी खाल्ली तर चालतील का?

उत्तर : ताई, पुढचं सगळं नंतर वाचा, आधी उठून तिला बाकीच्यांपासून वेगळी करा. कोंबड्यांना लाल दिसलं की त्या तिथंच टोचत राहतात, आणि काल जी पापणीवरची जखम होती ती आज बुबुळापर्यंत जाते. कोरडी स्वच्छ खोकी किंवा पिंजरा, उजेड मंद, आणि शक्यतो बाकीच्यांचे आवाज तिच्या कानावर पडतील अशी जागा, एकदम एकटी पडली तर घाबरते आणि खाणं सोडते.

पांढऱ्या पडद्याचं म्हणाल तर तो तिसरी पापणी असणार. पक्ष्यांना ती असतेच, चोचीकडच्या कोपऱ्यातून आडवी सरकते आणि लगेच मागे जाते, त्यामुळे नुसती ती दिसली म्हणून डोळा गेला असं अजिबात नाही. बघायचं एवढंच की पांढरं हलतंय का जागेवरच आहे. हलत नसेल, काचेवर वाफ धरावी तसं बुबुळावर एका जागी धुरकट दिसत असेल, तर तिथं ओरखडा किंवा जखम आहे असं धरून चाला.

आता धुणं. सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो आणि लोक नेमकं हेच घाईघाईत उरकतात. तयार सलाईन असेल तर उत्तम, नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, अंदाजानं नको, वजन करून घाला, कारण जास्त खारट झालं तर झोंबतं. वापरताना कोमट असू द्या. कोंबडीला टॉवेलात पंख मिटून गुंडाळा पण छाती आवळू नका, पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड खालीवर झालं तरच श्वास चालतो, घट्ट धरली तर हातात गुदमरते. पाठीवर उताणी पण नको. मग गॉज भिजवून मिटलेल्या डोळ्यावर तीन-चार मिनिटं नुसता ठेवा (कापूस नको, तंतू चिकटतात), खपली आपोआप सुटते, ओढून काढायची नाही. सुटली की बिनसुईच्या सिरिंजनं चोचीकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला हळूहळू धार सोडा, डोकं थोडं तिरकं धरा म्हणजे पाणी नाकपुडीत जाणार नाही. दिवसातून दोन-तीन वेळा.

धुतल्यावर टॉर्च घेऊन नीट बघा आणि खालची पापणी अंगठ्यानं जरा खाली ओढा. कोंबडीची खालचीच पापणी जास्त हलते, त्यामुळे कचरा तिथंच अडकतो. माझी एक कोंबडी तीन दिवस डोळा मिटून बसली होती, मी सगळा दोष दुसरीच्या चोचीला देत बसले, आणि खालची पापणी ओढली तर आत भुशाचं एक कूस आडवं चिकटलेलं होतं, बोटाच्या नखाएवढं पण नाही. धारेनं ते निघालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा उघडा. मात्र काही थेट डोळ्यात रुतलेलं दिसलं तर हात लावू नका, ते डॉक्टरांचंच काम. पापणीखाली पनीरसारखं घट्ट पिवळं दिसलं तर तो पू, कोंबडीचा पू आपल्यासारखा पातळ नसतो. तो खरवडायचा नाही, कोमट पाण्यानं मऊ होऊन जेवढा सुटेल तेवढाच काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

उरलेले थेंब घालू नका. कळकळीनं सांगते. अशा बाटल्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, लेबलवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन असं काही लिहिलेलं असतं, आणि बुबुळावर ओरखडा असताना स्टेरॉइड गेलं तर जखम भरायची थांबते, खोल जाते, प्रसंगी डोळा फुटतो. लाली कमी झाली म्हणून आपण खूश होतो आणि आत वाट लागत असते. क्लोरॅम्फेनिकॉलचे थेंबही नकोत, अंडी-मांसासाठी पाळलेल्या प्राण्यांना ते द्यायला बऱ्याच देशांत बंदी आहे. तेल, मध, कसली पूड, काहीच डोळ्यात जाऊ देऊ नका. अँटिबायोटिक मलम लागेल का आणि कुठलं हे डॉक्टर ठरवतील, ते हिरवा रंग देणारा एक थेंब घालून निळ्या उजेडात बघतात, ओरखडा असेल तिथं रंग धरतो. आज डोळ्याचा जवळून फोटो काढून त्यांना फोनवर पाठवता आला तर पाठवाच.

अंड्यांचं सोपं आहे. फक्त सलाईननं धुताय तोपर्यंत खुशाल खा. औषध सुरू झालं की किती दिवस अंडी टाकायची ते औषध लिहून देतानाच विचारून घ्या.

मला डोळ्यापेक्षा तिच्या पोटाची जास्त काळजी वाटते. एका डोळ्यानं चोचीचा नेम चुकतो, ती दाण्याच्या बाजूला टोचत राहते आणि आपल्याला वाटतं खातेय. खाद्य ओलं करून खोल वाटीत, चांगल्या डोळ्याच्या बाजूला द्या, पाणी पण त्याच बाजूला. रात्री गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपून बघा, भरलेली लागली पाहिजे, सकाळी रिकामी. रोज एकाच वेळी वजन करा, घटत असेल तर थांबू नका.

दोन दिवस वाट बघायचीच नाही असं केव्हा : डोळ्याच्या आत रक्त साठलेलं दिसतंय, अख्खं बुबुळ पांढरं-निळसर झालंय, डोळा बाहेर आलाय किंवा खोल गेलाय, किंवा दिवसभर काहीच खाल्लं नाही. वरवरचा ओरखडा असेल तर दोन-तीन दिवसांत डोळा उघडायला लागतो, तसं झालं नाही तरी दाखवा.

आणि एक शंका मनात ठेवा, चोच मारताना बघितलं म्हणून सगळं चोचीमुळेच असेल असं नाही. दोन्ही डोळे पाणावले, डोळ्यात फेसाचे बुडबुडे दिसले, नाक वाहतंय, तोंड सुजलंय, घाण वास येतोय, तर तो कोरायझा किंवा मायकोप्लाझ्मासारखा संसर्ग असू शकतो आणि मग बाकीच्या चौघींनाही धोका आहे, तिची भांडी वेगळी ठेवा, हात धुऊनच दुसरीकडे जा. खुराड्यात कोंबडीच्या उंचीला वाकून वास घ्या, नाकाला झोंबला तर विष्ठेच्या अमोनियानं पण डोळे बिघडतात, खालचा भुसा लगेच बदला.

परत सोडायची घाई नको. लाली आणि खपली पूर्ण गेली की आधी तीन-चार दिवस जाळीपलीकडून एकमेकींना दिसू दे, मग खाद्याची भांडी दोन करून, लांब लांब ठेवून सोडा, कारण भांडण तिथंच सुरू झालं होतं. डोळ्यानं दिसलंच नाही तरी एका डोळ्याच्या कोंबड्या छान जगतात, अंडीही देतात, फक्त त्या बाजूनं जाताना आधी आवाज द्या, नाहीतर प्रत्येक वेळी दचकते बिचारी.